कौल

निंबोण्यात कुळ्या पाच, देव एक.
गाव पालिकेत गेलं त्याला अकरा वर्षं झाली,
कॅनॉलच्या अलीकडे एक वॉर्ड, पलीकडे दुसरा,
पण तिकीट कुणाला, ते अजून खडकोबाच सांगतो.
शहरातून पार्टीची माणसं येतात,
बूट काढतात, ओल्या फरशीवर मोजे भिजवतात,
घड्याळाकडे बघत हात जोडतात.

मी गुरवाची. पाकळ्या मी लावते.
देवाच्या उजव्या खांद्यावर उंबऱ्यांची,
डाव्यावर कळंब्यांची,
पाण्यानं चिकटवायच्या, नुसत्या पाण्यानं.
जी आधी गळेल, त्या घरातून अर्ज.
शंखे, मोरपिसे, सूर्यफुले
यांना पाकळी नाही. देवाला खांदे दोनच.
त्यांनी पाया पडायचं आणि मत द्यायचं.
पाणके तर मोजणीतच नाहीत.
कॅनॉलवरून हंडा आणतात, उंबऱ्याबाहेर टेकवतात.
देव न्हातो तो त्याच पाण्यानं.

आदल्या रात्री रंभाजी कळंबे आला.
दारात बोलेना, थेट चुलीपाशी बसला.
"वहिनी, उजवीला जरा गुळाचं पाणी."
मग वर बघितलं. बारा कौलं फुटलेली,
त्यातून पुलावरच्या गाड्यांचे दिवे सरकत होते.
"पत्रे टाकून देतो."
त्याची कपबशी विसळतेय तोवर
माणिकराव उंबऱ्यांचा पुतण्या. तोही चुलीपाशी.
"डावीला, काकू. थोडासाच.
तुमच्या नवनाथाला पाणीपुरवठ्यात घेतो,
कंत्राटी, पण घेतो."
नाही म्हणायला मला कुठली कुळी?
एकाच वाटीत दोघांचा गूळ विरघळला.

नऊला पाकळ्या लावल्या.
मार्केट यार्डाचा झेंडू, ताजा, टपोरा.
दहा वाजले. अकरा.
शंख फुंकला, गाऱ्हाणं घातलं, पुन्हा घातलं.
देव गप्प.
कुणीतरी म्हणालं, विटाळ झालाय.
सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या.
हंड्यापाशी पाणक्यांची चंपी उभी होती,
नऊ वर्षांची.
ती एक पाऊल मागे सरली.
मागे कॅनॉल.

मी तेव्हा बोलायला हवं होतं.

पार्टीचा माणूस फोनवर म्हणाला,
"साहेब, देवाकडे पेंडिंग आहे.
हो, तीनची मुदत माहितीय."
रंभाजी माझ्याकडे बघे, पुतण्या माझ्याकडे बघे,
मी देवाकडे.
देव कुणाकडेच नाही.

तीनला वीस मिनिटं कमी असताना मुंग्या आल्या.
हंडा टेकतो तिथल्या फटीतून,
उंबरा ओलांडून, मानकऱ्यांच्या पायांमधून,
एक काळी बारीक रांग.
पायरी चढल्या, देव चढल्या,
छातीपाशी दोन वाटा झाल्या त्यांच्या.
कुणाची पाकळी कुठली, विचारलं नाही.
डावी हलली.
हलली, थांबली, आणि गळली.

मग ढोल, गुलाल,
अर्ज घेऊन गाडी चुकीच्या बाजूनं पळाली.
पुतण्याला ओरडायचं होतं.
पण ओरडून सांगणार काय?
गूळ आमचाही होता म्हणून?

रात्री पुलाखाली फ्लेक्स लागला:
देवाचा कौल, जनतेचा कौल.
रंभाजी हात जोडून,
मागे खडकोबा, त्याच्या कानाएवढा.

पत्रे आले. शब्दाचा पक्का निघाला रंभाजी.
दुपारी त्यांच्याखाली मी भाकरीसारखी भाजते.
उतरवलेली कौलं मागे रचून ठेवलीत,
फुटकी आणि धड, एकाच चळतीत.
नवनाथ घरीच असतो.

चंपी त्यानंतर आली नाही. हंडा तिचा बाप आणतो.
परवा टेकवताना त्यानं विचारलं,
"ताई, तो विटाळ कुणाचा निघाला मग?"
मी उजवा खांदा घासत होते.
पाकळी कधीचीच काढली, डाग तेवढा राहिलाय.
नखानं खरवडला.
तो रिकामा हंडा घेऊन वाट बघत थांबला होता.
मी पाठ वळवली नाही.